लाल नळी, डाळिंबी नळी

चढाच्या पहिल्याच वळणावर मेकॅनिकनं दाराची मूठ घट्ट धरली. गाडी सासूबाई चालवत होत्या, एवढं कारण एरवी पुरलं असतं. पण डॅशबोर्डवरचा हवेच्या दाबाचा काटा पॉइंट आठला थांबायला हवा होता. तो एकवर गेला आणि तिथेही त्याला करमेना.

"जावईबापू, गाडी भलतीच खुशीत आहे! केलंत काय?"

"सोलेनॉइड बदललं," तो म्हणाला. आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

सोलेनॉइड म्हणजे साहेबाच्या केबिनबाहेरचा शिपाई. टर्बो हा पंखा इंजिनात हवा कोंबत सुटतो. दाब वाढला की तक्रार नळीतून झडपेकडे, म्हणजे साहेबाकडे, जाते, झडप उघडते, टर्बोला फिरवणारा धूर त्याला वळसा घालून जातो आणि टर्बो जरा दमानं घेतो. तक्रार किती पुढे सोडायची आणि किती फिल्टरकडे परत पाठवायची, हे शिपाई टिकटिक करत ठरवतो. झडपेकडची आणि परतीची, या दोन नळ्यांची अदलाबदल झाली की साहेब झोपलेलाच राहतो, आणि टर्बो इंजिन फुटेपर्यंत कोंबतो.

नळ्या काढताना त्यानं अंगणातल्या उजेडात खुणा केल्या होत्या. झडपेची लाल, परतीची डाळिंबी. नेलपॉलिश सासूबाईंचं, न विचारता उचललेलं. जोडताना मात्र गॅरेजच्या पिवळ्या बल्बखाली दोन्ही जुळ्या बहिणी दिसल्या. अशा वेळी फुंकून खात्री करायची, हा त्याचा नेम. पण सासूबाई पर्स घेऊन डोक्यावर उभ्या होत्या. त्यांच्यासमोर गाल फुगवायची त्याला लाज वाटली.

आता उन्हात स्टीअरिंगवर त्यांची नखं चमकत होती. उजव्या हाताची लाल, डाव्या हाताची डाळिंबी. मध्येच फोन आला आणि लाल बाटली गायब झाली, हे त्यांनी सकाळपासून चारदा सांगितलं होतं. बाटली त्याच्या खिशात होती.

एक पॉइंट तीन. बॉनेटखालून किंचाळल्यासारखी शिट्टी आली.

गप्प राहिलं तर इंजिन जाईल, त्याच्यामागोमाग दोघंही. बोललं तर एकटा तो.

"पाय काढा!" तो ओरडला. "नळ्या उलट्या लागल्यात! बाटलीही मीच घेतली!"

सासूबाईंनी पाय काढला. गाडी कडेला लागली. मग त्या उतरल्या.

"बॉनेट उघडा."

त्यानं बोटं भाजून घेत सोलेनॉइड सोडवलं. त्याच्या तीन तोंडांपैकी झडपेच्या वाटलेल्या तोंडावर सासूबाईंनी स्वतःचं बोट धरलं.

"फुंका. लाजू नका, इथं कुणी नाही."

त्यानं टर्बोकडच्या तोंडातून फुंकलं.

"लागली हवा. लाल इथं." त्यांनी हात पुढे केला. "बाटली."

परतीला गाडी तो चालवत होता, कारण सासूबाईंच्या डाव्या हाताची नखं ओली होती. काटा निमूटपणे पॉइंट आठवर बसला होता.

"घरी पोचल्यावर," नखांवर फुंकर घालत त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला तुम्ही सांगताय, की मी?"

त्याचा पाय अॅक्सिलरेटरवरून आपोआप उचलला गेला.