लोंबेच्या घरातलं मयत

मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार दमलोय. माझा पंखा सुरू झाला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागतं. कीबोर्डवरची निम्मी अक्षरं बोटांनी खाल्ली आहेत. बॅटरी अर्धा तास टिकते, तीही तिची मर्जी असली तर. माझी कहाणी आजवर कुणी विचारली नाही, म्हणून आता मीच सांगतो.

मी पहिली काही वर्षं एका थंड देशातल्या कचेरीत काढली. तिथं नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना पेटाऱ्यात भरून जहाजावर चढवलं. समुद्र ओलांडून, मग ट्रकमधून हाडं खिळखिळी करत आम्ही लुसाकाला पोचलो. तिथल्या बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगाशेजारी मी विकायला बसलो होतो. एक शिडशिडीत मुलगी आली. तिनं माझं एकेक बटण दाबून पाहिलं, कमरेला गुंडाळलेल्या चितेंग्याच्या, म्हणजे छापील कापडाच्या, टोकानं माझी धूळ पुसली आणि मला पोटाशी धरूनच घरी नेलं. ती लोंबे.

लोंबे लोकांच्या वेबसाइट बनवते. ती कुणाची नोकर नाही. गिऱ्हाईक तिनंच शोधायचं, काम तिनंच करायचं आणि बोलणीही तिनंच खायची. लहानपणापासून तिला मावशीनं वाढवलं. एस्नात मावशी बाजारात सुकी मासळी विकते. भाची दिवसभर एका डब्यापुढं बसून काय करते, हे तिला कधी नीट समजलं नाही. पण कुणी विचारलं की ती ठसक्यात सांगायची, "आमची लोंबे दुकानं बांधते. विटा लागत नाहीत."

पहिली वेबसाइट आम्ही गल्लीतल्या न्हाव्याची केली. त्यानं अख्ख्या गल्लीला बोलावून ती दाखवली, आणि वीज गेली की माझ्यासाठी त्याच्या छपरावरच्या सौर पाटीची तार मोकळी ठेवली. काय कौतुक झालं माझं तेव्हा! मीही नव्या नवरीसारखा मिरवत होतो.

मग गिऱ्हाइकं वाढली आणि सुख आटलं. एका पाद्रीबाबांना त्यांचा फोटो मोठा हवा होता. मोठा केला, तर आणखी मोठा हवा. शेवटी वेबसाइटवर बाबाच उरले, देव कोपऱ्यात गेला. एका लॉजवाल्याला पोहायच्या तलावाचं चित्र हवं होतं. लोंबे म्हणाली, "पण तलाव कुठाय?" तो म्हणाला, "खोदणार आहे की! चित्र टाक आधी, म्हणजे मलाही हुरूप येईल."

आणि सगळ्यांत वरताण बाना कुंदा, म्हणजे कुंदाची आई. लग्नाकार्याला तंबू, खुर्च्या, भांडी भाड्यानं देणारी मोठी धडाडीची बाई. तिचं कामही मोठं, आमचं घर बऱ्यापैकी त्यावरच चालायचं. पण तिच्या वेबसाइटचा रंग काही ठरेना. आज विटकरी, उद्या निखाऱ्यासारखा, परवा पुन्हा विटकरी. फोन आला की सुरुवात ठरलेली, "लोंबे, माझी गुणाची पोर, एक छोटंसं काम होतं."

त्या छोट्याशा कामांनी आमचा जीव नकोसा केला, मित्रांनो. लोंबे जेवायला बसली की फोन, चर्चमध्ये असली की फोन. वीज लहरी, आली की सगळं टाकून कामाला लागायचं. लोंबेचे डोळे खोल गेले, मान आखडली. पण 'नाही' हा शब्द तिच्या तोंडून निघतच नसे. "करते हं," म्हणायची आणि मला उघडायची. मी तापून तापून तिच्या मांडीला चटके द्यायचो. मला तरी कुठं बोलता येतं!

त्यातच तिचे आजोबा गेले. मयताचं घर म्हणजे काय, हे तिकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. खुर्च्या-टेबलं बाहेर गेली, जमिनीवर गाद्या पडल्या, बायका आत आणि बाप्ये बाहेर शेकोटीभोवती बसले. लोंबेनं गिऱ्हाइकांना कळवलं, "घरात मयत आहे." आणि काय सांगू, सगळे फोन गप्प झाले. पाद्रीबाबा गप्प, बाना कुंदासुद्धा गप्प. मयतापुढं तिथं कुणी अवाक्षर काढत नाही. आजोबांसाठी रडता रडता लोंबे त्या बायकांच्या गर्दीत गाढ झोपली. कित्येक महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

तिथंच तिला ती वाईट वाट सापडली. पुढं अगदीच असह्य झालं तेव्हा तिनं लॉजवाल्याला सांगितलं, काका गेले. असा काका नव्हताच. मग एक चुलतभाऊ गेला, मग कुणी आत्या. दरवेळी दोन दिवस निवांत मिळायचे आणि दरवेळी ती माझ्याकडं बघायचं टाळायची. मनानं रचलेली नातीही कधीतरी संपतातच. एका शनिवारी बाना कुंदानं पुन्हा विटकरीचा निखारा करायला सांगितला, तेव्हा लोंबेच्या तोंडून निघून गेलं, "मावशी गेली हो, एस्नात मावशी." फोन बंद करून ती भिंतीकडं तोंड करून पडली. बराच वेळ तिला झोप काही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एस्नात मावशी अंगणात बसून घेवड्यातले खडे निवडत होती. मी खिडकीत होतो, लोंबे आत अखेर डोळा लागून पडली होती. फाटकाशी एक पिकअप थांबली. त्यातून मावशीशी जिची कधी गाठ पडली नव्हती ती बाना कुंदा उतरली, मागून आणखी तिघी, सगळ्यांच्या कमरेला चितेंगे बांधलेले. मक्याच्या पिठाचं पोतं, कोळशाचं पोतं आणि एक अख्खा तंबू त्यांनी बरोबर आणला होता. फाटकातच त्यांनी हंबरडा फोडला.

रडत येणाऱ्या बाईला तिथं आधी काही विचारत नाहीत, तिच्याबरोबर रडतात. मावशीच्या हातातलं सूप पडलं. घरातलं कुणीतरी गेलं, आपल्यालाच कळलं नाही, असं समजून ती धावली आणि बाना कुंदाच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. पाचही जणी अंगणात रडत होत्या आणि तिकडं पिकअपवरच्या गड्यांनी तंबूचे खांबही उतरवले.

जरा उमाळा ओसरला तेव्हा मावशीनं चितेंग्याच्या टोकानं नाक पुसत विचारलं, "कोण गेलं गं, बाई?"

"असं काय विचारता? लोंबेची मावशी. एस्नात."

मावशीनं हातातलं चितेंग्याचं टोक सोडलं. "ती तर मी," ती म्हणाली.

गड्यांच्या हातातला खांब हातातच राहिला. आवाजानं लोंबे दारात आली आणि समोरचं बघून तिथंच खाली बसली. लपवायला काही उरलंच नव्हतं. डोकं गुडघ्यात घालून तिनं सगळं सांगून टाकलं: काका, चुलतभाऊ, आत्या, सगळी खोटी मयतं. बाना कुंदाचा चेहरा लालबुंद झाला. पोरीचं काम आता गेलंच, असं मला वाटलं, आणि काम गेलं की घर कशावर चालणार?

मावशी मात्र रागानं नाही, दुखावून बोलली. "मी तुला पाठीवर बांधून बाजारात बसले गं. मला मारताना तुझी जीभ अडखळली नाही?" लोंबे हुंदके देत होती. मावशी तिच्याजवळ उकिडवी बसली, तिची हनुवटी वर करून तिनं ते खोल गेलेले डोळे निरखून पाहिले. बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिले. "आणि साधं 'नाही' म्हणताना अडखळते होय?"

मग ती उठली आणि पाहुण्यांना म्हणाली, "पीठ आणलंयत, कोळसा आणलायत. माझ्या मयताला आलात, तर माझ्या हातचं खाऊनच जा."

शेगडी पेटली. मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा, घेवडा आणि सुकी मासळी झाली. त्या तिघींपैकी एकीला हसू आवरेना, मग सगळ्याच हसल्या, शेवटी बाना कुंदाही. पण जाताना पिकअपमध्ये चढता चढता ती मागं वळलीच. मोडायची नाही ती सवय. "लोंबे, गुणाची पोर, आता मावशी जिवंतच आहे, तर आज तेवढा रंग..."

लोंबेनं मावशीकडं पाहिलं. मावशी भांडी घासत होती, तिनं मान वर केली नाही.

"नाही," लोंबे म्हणाली. आवाज फाटलाच तिचा. "आज नाही. उद्या सकाळी करीन."

"बरं," बाना कुंदा म्हणाली. "उद्या कर."

आणि गाडी गेली. एवढंच होतं ते, मित्रांनो! एवढ्यासाठी त्या पोरीनं चार माणसं मारली होती.

लोंबे आत आली, माझ्यासमोर बसली, आणि मला न उघडताच तिथंच डोकं टेकून झोपली. माझी कळकळ एवढीच आहे, मित्रांनो. तुमच्या घरातलं जे माणूस 'करते हं' म्हणतं, मरण येण्याआधी त्याच्याकडं एकदा नीट बघा. आणि आमच्यासारख्यांना मिटून ठेवायला शिका. मिटलं म्हणून आम्ही मरत नाही.