नानासाहेबांनी सुधारलेलं पिस्तूल

मी पिस्तूल आहे. माझ्या चिठ्ठीवर पोलिसांनी ‘पिस्तुलासारखी वस्तू’ असं लिहून ठेवलंय, ते मनावर घेऊ नका. मी पिस्तूल म्हणूनच जन्मलो. जे झालं ते सांगतो. गोड करून सांगणार नाही आणि लांबवणारही नाही. आमच्यात एकदाच बोलतात.

जन्म उत्तरेकडच्या एका सरकारी कारखान्यातला. तापवलं, ठोकलं, कापलं, घासलं. एका साहेबानं मला वाळूच्या ढिगात झाडून पाहिलं आणि मान हलवली. अंगावर कारखान्याचं नाव उमटलं, खाली नंबर पडला. तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात घातलं. त्या दिवशी माझ्यात काही कमी नव्हतं. हे ठासून सांगतो, कारण पुढं असं म्हणणारा एकच माणूस भेटला आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

मला घेतलं नानासाहेबांनी. औरंगाबादहून शेंद्र्याकडं जाताना रस्त्याला लागून त्यांचं गाव. निम्मी जमीन कारखान्यांत गेलेली. आजानं जिथं ज्वारी काढली तिथं आता भोंगा वाजायचा. त्या पैशातून आधी जीप आली, मग मी. जीपचं कारण रस्ता. माझं कारण शेजारचे तात्यासाहेब. त्यांच्या भिंतीवर दुनळी बंदूक टांगलेली होती आणि नानांच्या भिंतीवर नुसतं कॅलेंडर.

घरी आल्यावर द्वारकाबाईंनी मला ओवाळलं. नारळ फुटला. मला वाटलं, आता शेतात नेऊन एक बार काढतील. नानांनी मला उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, “चांगलंय. आता याला नीट करून घेऊ.”

“कोरं करकरीत हाय की,” द्वारकाबाई म्हणाल्या. “मोडलंय काय त्याचं?”

“कंपनीतून येतो तो कच्चा माल. पोतं कंपनीचं, पेरणी आपली.”

त्या भागात ही रीतच होती. नवी सायकल घेतली की दुकानातून थेट मिस्त्रीकडं. सीट बदलायची, हँडल बदलायचं, घंटी दुसरी बसवायची, मग घरी न्यायची. जशीच्या तशी वापरली तर लोक विचारायचे, पैसे संपले का. नानांनी जीपचंही तसंच केलं होतं. पाच हॉर्न, वाघाच्या कातड्यासारखं रेक्झिन, आणि स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा वाढवलेला. जीप इतकी कडक झाली की द्वारकाबाई बाजाराला पायी जायच्या.

मला नेलं चिकलठाण्याला, सखारामच्या वर्कशॉपमध्ये. सखाराम नानांच्याच गावचा. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि लोक पेटले, त्या साली त्याच्या वस्तीतली घरं जाळली गेली. त्यात त्याचंही घर गेलं. नाना जाळायला गेले नव्हते. नाना दार लावून घरात बसले होते. सखाराम म्हाताऱ्या आईला मागं ठेवून शहरात आला, कंपनीत लेथ शिकला आणि पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःची लेथ टाकली. नामांतरासाठी दोनदा जेलमध्ये जाऊन आला. नाना त्याला सख्या म्हणायचे. सगळं गावच म्हणायचं.

“सख्या, हे सुधारायचंय.”

सखारामनं हात पुसून मला घेतलं. मला असं धरणारा माणूस कारखान्यानंतर पहिल्यांदाच भेटला. त्यानं मला उघडलं, आत बघितलं, पुन्हा मिटलं.

“नाना, याला हात लावू नका. डोकं लावून बनवलंय. काहीच कमी नाय.”

“तू मुद्दाम म्हणतोस.”

“मुद्दाम कामून म्हणू?”

“नामांतरवाला हायेस. माझं हत्यार चांगलं झालेलं तुला कसं चालंल?”

याला कारण होतं. आदल्याच दिवशी पारावर तात्यासाहेबांसमोर नाना बोलून गेले होते, “विद्यापीठाचं नाव बदललं तर पहिली गोळी माझी.” आणि गोळी झाडायच्या हत्याराची डागडुजी करायला आले होते ते नामांतरवाल्याकडंच, कारण हत्यार परगावच्या माणसाच्या हाती देऊ नये असं त्यांचं मत होतं.

सखारामला सगळं माहीत होतं. नाना गेल्यावर शेडमधला कारागीर म्हणाला, “दादा, कशाला करू ऱ्हायले हे काम?” सखाराम म्हणाला, “दुसरीकडं गेलं तर मला काय कळणार? माझ्या नजरेखाली राहू दे.”

तिथून माझी सुधारणा सुरू झाली.

आधी मूठ गेली. नानांचा हिऱ्या नावाचा बैल मेला होता, त्याच्या शिंगाची मूठ बसवली. हिऱ्या जिवंतपणी डावीकडं ओढायचा. मीही डावीकडं ओढायला लागलो. मूठ इतकी जाड की नानांचं बोट चापापर्यंत पोचेना. मग चाप लांब केला, सायकलच्या ब्रेकसारखा. मग नानांना वाटलं, स्प्रिंग नरम आहे.

“एक वाढव,” ते म्हणाले. “जीपला पाटा वाढवला तशी.”

“ही जीप नाय, नाना.”

“स्प्रिंग ती स्प्रिंग.”

एकाच्या जागी दोन स्प्रिंगा आल्या, दोन्ही जाड. आता चाप ओढायला दोन हात लागायचे. नळीला निकेल चढवलं. वरचा नेम धरायचा टोकदार दाणा नानांना भिकार वाटला. वैजापूरच्या सोनाराकडून त्यांनी चांदीचा एवढासा नंदी घडवून आणला आणि तो तिथं बसवला. वेरूळला नंदीच्या दोन शिंगांमधून बघून पिंडीचं दर्शन घेतात, तसा नेम धरायचा, असं ठरलं.

माझा प्रत्येक जुना भाग सखाराम तेल लावून बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. नानांनी कधी परत मागितला नाही. उकिरड्यावर टाकलेलं कोण मागतं?

मी कमरेला इतका जड झालो की नानांचा लेंगा घसरायला लागला. द्वारकाबाई म्हणाल्या, “आधी नाडी सुधारून आणा.”

शेवटी राहिलो मी, म्हणजे नुसता सांगाडा, आणि माझ्या अंगावरचं कारखान्याचं नाव. नाना सखारामला म्हणाले, “हे घास. नंबर बी घास. आकडे म्हशीच्या कानाला टोचतात.”

“नंबर मी घासणार नाय. गुन्हा हाय तो.”

नानांनी मला गुलमंडीजवळ नेलं. तिथं स्टीलच्या भांड्यांवर नावं घालणारा बसायचा. त्यानं आधी घासून साफ केलं, मग टिकटिक यंत्र चालवून हातच्या सवयीनं लिहिलं, ‘कै. आप्पासाहेब यांच्या स्मरणार्थ, चि. नानासाहेब यांजकडून सप्रेम भेट’. आप्पासाहेब म्हणजे नानांचे वडील. जागा पुरली नाही म्हणून ‘भेट’ मुठीवर गेली.

नाना ते दाखवायला मुद्दाम चिकलठाण्याला आले. सखारामनं वाचलं. लेथ बंद केली.

“कारखान्याचं नाव काढलं व्हय?”

“कारखान्याचा काय संबंध? वडिलांचं नाव लागलं पायजे. मान असतो त्यात.”

“नावानं काय पिस्तूल बदलतं का, नाना?”

“पिस्तूल नाय बदलत. पण बघितलं की बरं वाटतं. आपल्या माणसाचं नाव हाय म्हणून छाती येते.”

“मंग आम्ही इतकी वर्षं काय मागू ऱ्हायलो?”

नानांनी मला त्याच्या हातातून काढून घेतलं आणि कमरेला खोचलं. जाताना सखाराम मागून म्हणाला, “आणि ऐका, आता हे उडायचं नाय. सांगून ठेवतो. कुणावर रोखू बी नका, काय सांगावं.”

“तुझी तर इच्छाच हाय ती,” नाना म्हणाले.

संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाचं नाव बदललं. आधीच हुकूम निघाला होता की परवानेवाल्यांनी हत्यारं ठाण्यात जमा करावीत. तात्यासाहेबांनी दुनळी पहिल्याच दिवशी नेऊन दिली होती, पावती खिशात होती, आणि आता ते नानांच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

“येऊ ऱ्हायले बरं का, नानासाहेब,” ते म्हणाले. “तुमचा शब्द गावाच्या ध्यानात हाय.”

नानांनी मला जमा केलं नव्हतं. कणगीत लपवलं होतं. ते मला घेऊन ओट्यावर आले. सकाळपासून जेवले नव्हते. शब्द गिळला तर गावात तोंड राहणार नाही, आणि पाळला तर काय होईल ते त्यांनी मनाशी धरलंच नव्हतं.

मिरवणूक आली. निळे झेंडे, हलगी, गुलाल नाही, पण फुलं होती. पुढं सखाराम, पांढऱ्या कपड्यांत. त्याच्या शेजारी त्याची आई पारूबाई, जिचं घर जळलं होतं ती. द्वारकाबाई तिळगुळाचं ताट घेऊन दारात आल्या आणि नवऱ्याच्या हातात मला बघून तिथंच थांबल्या.

“आभाळाकडं बार काढतो नुसता,” नाना पुटपुटले.

त्यांनी मला दोन्ही हातांनी वर धरलं. पण मी जड होतो. निकेल, शिंग, चांदी, दोन स्प्रिंगा. मी हळूहळू खाली यायला लागलो, आणि हिऱ्याच्या सवयीनं डावीकडं ओढला गेलो. नानांनी नंदीच्या शिंगांमधून बघितलं. जिथं देव दिसावा तिथं सखाराम दिसला.

हलगी थांबली. सखाराम थांबला, पण मागं सरला नाही.

चाप नानांनी ओढला की ओढला गेला, हे मलाही सांगता येणार नाही, आणि मी तर त्यांच्या बोटाखालीच होतो. एवढं सांगतो, आत कारखान्याची स्प्रिंग असती तर मी माझं काम केलं असतं. कुणावर, कशासाठी, असं मी विचारलं नसतं. मला तसं घडवलेलं नाही.

पण आत जीपवाल्याची अक्कल होती. टण्ण झालं. पहिली स्प्रिंग वर उडाली, दुसरी पुढं. शिंगाची मूठ फुटून ‘भेट’ तात्यासाहेबांच्या मांडीवर पडली आणि ते खुर्चीसकट मागं गेले. नंदी धुळीत गेला. नानांच्या हातात मी राहिलो, सांगाडा, वडिलांच्या नावासकट.

कुणी पळालं नाही, कारण तेवढ्यात सखारामनं दोन्ही हात पसरले.

“कुणी पाय हलवू नका. पार्ट पडलेत.”

लेथवाल्याची सवय. पार्ट पडला की आधी पाय थांबवायचे. अख्खी मिरवणूक जागच्या जागी खिळली, आणि मग वाकली. झेंडे काखेत मारून माणसं धुळीत स्प्रिंगा शोधायला लागली. ज्याच्यावर मला रोखलं होतं तो गुडघ्यावर बसून नंदी शोधत होता. हलगीवाल्याला चाप सापडला. त्यानं वर धरून विचारलं, “हे सायकलचं हाय का?”

एक स्प्रिंग तिळगुळाच्या ताटात पडली होती. द्वारकाबाईंनी ताट ओट्याच्या पायरीशी आणलं. पारूबाईंनी स्प्रिंग दोन बोटांनी उचलली.

“नाना, ही घ्या तुमची पहिली गोळी.”

नानांनी हात पुढं केला. स्प्रिंग मुठीत धरली. मग रस्त्याकडं बघून म्हणाले, “सखाराम, दुसरी घावली का?”

पारूबाईंनी मागं वळून बघितलं. “कुणाला म्हणू ऱ्हायले?”

“मला, आई,” सखाराम म्हणाला.

दुसरी घावली नाही. हलगी पुन्हा सुरू झाली. द्वारकाबाईंनी ताटातला तिळगूळ वाटून संपवला.

पोलीस संध्याकाळच्या आत आले. हत्यार लपवलं, नंबर घासला, दोन्ही गुन्हे नानांनी कबूल केले. परवाना गेला. जमादार मला टेबलावर ठेवून फार वेळ बघत बसला. नंबर नाही, मूठ नाही, चाप पिशवीत, वर मयताचं नाव. शेवटी त्यानं ‘पिस्तुलासारखी वस्तू’ असं लिहिलं. सखारामला साक्षीला बोलावलं.

“याचे मूळ भाग कुठं गेले?” जमादारानं विचारलं.

“हरवले, साहेब.”

असं म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मीही गप्प राहिलो. मला बोलता येतं हे जमादाराला माहीत नव्हतं.

आता मी मालखान्यात आहे, सुतळीनं बांधलेला. नानांनी परवा द्वारकाबाईंना मिक्सर आणला, असं कानावर आलं. मिक्सरची मला काळजी वाटते. माझं मागणं एकच आहे. चिकलठाण्याच्या त्या शेडमध्ये फळीवर बिस्किटाचा एक डबा आहे. माझं सगळं त्यात आहे, तेल लावलेलं, गंज नाही. सखारामनं मनावर घेतलं तर सकाळच्या चहापासून जेवणापर्यंत मला जोडून देईल, आणि मी पहिल्यासारखा होईन. काही कमी राहणार नाही.

म्हणून सांगतो, तो डबा तिथंच राहू द्या.