बाळंतिणीच्या खोलीतलं मीठ

माझ्या सासरी मिठावर जेवढा भरवसा, तेवढा देवावरही नव्हता. दृष्ट लागली, ओवाळा मीठ. मासळी टिकवायची, चोळा मीठ. न्हावा गावच्या खाडीवर सासऱ्यांचं मिठागर होतं. मिठात पडलं ते कुजत न्हाय, असं सासरे, बुधाजीबाबा, सारखे म्हणायचे. मी पेणच्या आतल्या गावची, भातवाल्यांची लेक. आमच्याकडे मीठ बरणीत असायचं, आणि दमट दिवस आले की त्यालाच पाणी सुटायचं. पण नव्या सुनेला विचारतो कोण?

गोव्याची लढाई झाली त्या हिवाळ्यात मला मुलगी झाली, राही. सासूनं, म्हणजे सोनूबाईनं, मला मागच्या खोलीत ठेवलं आणि खिडकीला गोणपाट ठोकलं. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा न्हाय, हे सगळीकडचंच. पण सासूचं जरा जास्तच होतं. तिचा पहिला मुलगा, रावजी, याच खोलीत थंडीच्या दिवसांत छाती भरून गेला होता. फटीतून वारा आला नि पोर घेऊन गेला, असं ती सांगायची. तिच्यापुढे खिडकीचं नाव काढायची सोय नव्हती.

आत शेगडी, शेगडीवर सदा उकळतं पाणी, दोरीवर ओली दुपटी. थोड्याच दिवसांत भिंतीवर बुरशी आली, आधी पांढरी, मग काळी. मी दाखवली. सासू म्हणाली, थांब, आता तिची जिरवते. मिठाच्या पाण्यानं सगळी भिंत पुसली आणि भिंतीला लागून मिठाच्या गोणी रचल्या. ओल ओढून घेतील म्हणे. घेतली की! आणि ठेवली कुठं? तिथंच. सकाळी गोणींखाली जमीन ओली, भिंतीला घाम, गोधडी दमट. बुरशी वाढत गेली तशी सासू आणखी गोणी आणत गेली.

मग राहीची छाती वाजायला लागली. दूध ओढता ओढता थांबायची आणि तोंड उघडून श्वास घ्यायची. माझा जीव तर थाऱ्यावर नव्हता. ही पोर हाताला लागत न्हाय, असंच मला वाटायला लागलं.

मी सासूला समजावून बघितलं. माझ्या बापाच्या कणगीला वारा लागला न्हाय तर भात काळं पडतं, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं.

"भात मेलं तर पुढल्या साली पेरता येतं," ती म्हणाली.



पण गप्प बसणाऱ्यातली मी न्हवतेच. ती मिठागरावर गेलेली बघून मी शेजारच्या चंद्राबाईला हाक मारली. माझं अंग अजून कच्चं होतं, तरी दोघींनी मिळून गोणी बाहेर ओढल्या. गोणपाट काढलं. भिंत गोड्या पाण्यानं खसाखसा धुतली, सुकू दिली, वर चुना फासला. शेगडी बाहेर, दुपट्यांची दोरी बाहेर. तुझी सासू तुला उभी चिरील, असं चंद्राबाई सारखं म्हणत होती. चिरू दे, म्हटलं, पोर तर जगेल.

सासू आली आणि तिनं आळी डोक्यावर घेतली. मीही कमी पडले न्हाय. शेवटी ठरलं, ऊन असेस्तोवर खिडकी उघडी, ऊन कललं की बंद. पोरीला काही झालं तर तुझं तोंड बघणार न्हाय, असं बजावून ती चुलीपाशी जाऊन बसली.

भिंत सुकली. काळे डाग पुन्हा आले न्हाईत. राहीचा घुरघुराट हळूहळू उतरला आणि एके सकाळी ती पोटभर पिऊन शांत झोपली. मी आनंदानं रडले, आणि मग सासूला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवायला बसले. एवढ्या दिवसांचं सगळं बाकी होतं.

ती आत आली. झोपलेल्या पोरीकडे बघितलं. मग भिंतीवर तळवा ठेवला, कोरडी होती. गोणी होत्या तिथं खाली वाकून जमीन चाचपली आणि तिथंच बसली.

"रावजीच्या वेळी पण गोणी रचल्या होत्या मी," ती म्हणाली. "बुरशी आली म्हणून."

जुळवलेलं सगळं टाकून मी तिच्याशेजारी बसले.

"तो वाऱ्यानंच गेला ना गं, सत्यवती?"

"वाऱ्यानंच गेला, आई," मी म्हटलं.

तिनं राहीला मांडीवर घेतलं आणि उघड्या खिडकीखाली उन्हात बसून राहिली.