माझ्या टोकातलं शिसं

मी दंडुका आहे, पोलिसाचा. काळा, गुळगुळीत, हातभर लांब. गोड बोलायची सवय मला नाही, तेव्हा सरळच सांगतो.

माझा जन्म पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातला. तिथे अख्ख्या देशाला एकच पोलीस दल. गोऱ्या साहेबांनी आपला माल राखायला ते उभं केलं. साहेब गेले, टोपीवरचा बिल्ला बदलला, सवयी तशाच राहिल्या. वर एक मोठा साहेब, मग प्रांत, जिल्हे, ठाणी, आणि तळाला रस्त्यावर बांबू आडवा टाकून उन्हात उभा शिपाई. त्याची बदली मुद्दाम लांब, जिथली भाषाही त्याला येत नाही तिथे. मग बोलायचं काम माझ्याकडे.

माझा शिपाई इमॅन्युएल. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्याने बराकीमागच्या सुताराकडून माझ्या टोकाला भोक पाडून घेतलं, आत वितळलेलं शिसं ओतलं, वर बूच ठोकलं, काळा रंग फासला. शिशाने हाड मोडतं, कातडीवर वळ कमी उठतो. ठाण्याच्या मागच्या खोलीत मी किती तळपाय पाहिले ते विचारू नका.

निवृत्त झाल्यावर त्याने मला मुलाच्या हाती दिलं. म्हणाला, "याने मी कुणाला दुखवलं नाही. नुसता दाखवायला होता." म्हातारी माणसं नोकरीतून सुटली की हातही धुतले गेले असंच धरून चालतात.

मुलाने, फेलिक्सने, विश्वास ठेवला. २००५ साली सुटकेसमध्ये घालून त्याने मला अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या विद्यापीठाच्या गावी आणलं. त्याचा प्रबंध त्याच पोलीस दलावर. पहिल्याच प्रकरणात त्याने लिहिलं की शिपायाला साधा लाकडी दंडुका मिळतो आणि तो बहुतेक दाखवण्यापुरताच असतो. मी शेजारीच पडलेलो.

त्याचा रूममेट नागपूरचा शंतनू. घरात लाटणं नव्हतं, आणि इथल्या एकुलत्या एका इंडियन दुकानातही मिळालं नाही. "यार, हा चालेल," म्हणत शंतनूने मला घासून-धुऊन पोळ्या लाटायला घेतलं. फेलिक्स पोट धरून हसला आणि पहिली पोळी त्यानेच खाल्ली. खरं सांगतो, ते वर्ष मला आवडलं.

पुढच्या मे महिन्यात शंतनूचे आईबाबा आले. रविवारी दुपारी सुमित्राकाकू पोळ्या लाटत होत्या. "जड आहे हो, पण पोळी काय पातळ होते!" दिगंबरकाका, रिटायर्ड फौजदार, जेवायला बसत होते. त्यांनी मला काकूंच्या हातातून घेतलं, बोटावर तोललं, टोकाशी नख घासलं.

"शिसं आहे यात."

"अंकल काय म्हणतात?" फेलिक्सने विचारलं.

"मजबूत लाकूड आहे म्हणतात," शंतनू चटकन म्हणाला.

"खोटं कशाला सांगतोस? लेड. इनसाइड, लेड." काका फेलिक्सला कौतुकाने बूच दाखवू लागले. "नो मार्क. डॉक्टर सीज नथिंग."

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हणजे? माझ्या दंडुक्यात नव्हतं का? सगळेच भरायचो आम्ही. वाढा हो."

इतकी वर्षं मला वाटायचं, हे पाप आमच्याच बराकीतलं. तव्यावरची पोळी करपत होती आणि काकू नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या.

फेलिक्सने तिथूनच वडिलांना फोन लावला, स्पीकरवर. एकच प्रश्न विचारला, दंडुक्यात शिसं होतं का. पलीकडून आवाज आला, "हे तुला कुणी सांगितलं?"

नाही, असं तो म्हणालाच नाही.

संध्याकाळी काका सोफ्यावर घोरत होते. फेलिक्सने प्रबंधातलं साध्या लाकडी दंडुक्याचं ते वाक्य पुसलं आणि मला कीबोर्डशेजारी ठेवलं. शंतनू दारात उभा राहिला.

"बाबांचं नाव नको ना टाकूस, यार."

"कुणाच्या?" फेलिक्सने विचारलं.

शंतनू दारातूनच मागे फिरला.

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. पोळ्या आता फ्रोझन येतात. फेलिक्स रोज एक ओळ लिहितो, रोज खोडतो. वडिलांचा फोन वाजतो, तो उचलत नाही. त्याला माझं एवढंच सांगणं आहे: बाबा रे, मला कपाटात लपवू नकोस, कचऱ्यात टाकू नकोस. करवत आण, माझं टोक काप, आतलं बघ आणि तेच लिही. मला दुखेल म्हणून थांबू नकोस.