कोंडीबाला उभं करणारा कठडा

या मित्रांनो, असे जवळ सरका. ऊन उतरेपर्यंत एका माणसाच्या दोन पायांची गोष्ट सांगतो.

मी एक जुना बाभळीचा कठडा आहे. चार खांब आणि त्यांवर कमरेइतक्या उंचीच्या दोन समांतर दांड्या, एवढाच माझा देह. पलूसजवळच्या एका गावात गुंडा सुताराने मला १९६४ साली घडवले आणि मारुतीच्या देवळापुढे रोवले, ते कोंडीबासाठी.

कोंडीबा कीर्तनात टाळ धरायचा. टाळाच्या ठेक्यावर नाचणारी त्याची पावली बघायला शेजारच्या गावची माणसे यायची. ऐन तरुणपणी त्याला ताप भरला आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितले, "हा पोलिओ. मोठ्या माणसालाही गाठतो. व्यायामाने थोडी ताकद परत येईल. पण पाय थकायच्या आधी बसायचं. दमवले तर आलेलं बळही जाईल."

त्याची बायको तानुबाई सकाळी त्याचे पाय गरम फडक्याने शेकी, हलकेच ताणी, वाकवी, आणि मग त्याला माझ्या दांड्यांमध्ये उभे करी. त्याच्या तळहातांचा घाम माझ्यात मुरला आहे. पडला की तो चिडे.

"सोड मला! मी काय रांगतं प्वार हाय?"

"रांगत्या पोराला एवढा राग येत न्हाई," ती म्हणे. "उठा."

वर्षाने तो मला न धरता उभा राहू लागला. थोडाच वेळ, पण गाव मला नमस्कार करू लागले!

मग नामसप्ताह आला. सात दिवस वीणा कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असायची. ती खाली ठेवायची नाही, दुसरा घेईपर्यंत उभेच राहायचे, हा नेम. कोंडीबाने वीणा घेऊन उभे राहण्याचा एक पहारा मागितला. "थोडाच येळ हां," असे तानुबाईने कबूल करून घेतले. तो उभा राहिला, गाऊ लागला, आणि मित्रांनो, मलाही वाटले, माझे काम झाले.

ठरल्या वेळी पुढच्या पहाऱ्याचा गडी, त्याचा मित्र जोतीराम, वीणा घ्यायला आला. पण कोंडीबाचा उजळलेला चेहरा बघून त्याचे डोळे भरले. "ऱ्हा की रं गड्या! देवानं उभा केलाय तुला, मी कोण तुझ्या गळ्यातली वीणा काढणार?"

सगळ्यांनी गजर केला. कोंडीबाचे पाय थकले होते, पण तो गातच राहिला.

"आवं भावजी, दमल्यात ते! द्या हिकडं, मी धरते," म्हणत तानुबाई हात पुढे करून आली. बाईने वीणा घ्यायची त्या गावात रीत नव्हती. "मागं व्हा बाई," कुणीतरी मायेनेच म्हणाले. पुढचे तिचे बोलणे गजरात बुडाले.

तो कोसळला तेव्हा वीणा त्याने छातीशी उचलून धरली होती. तिला माती लागली नाही. पायांत परत आलेले बळ मात्र गेले, ते कायमचे. वाईट कुणीच नव्हते हो. सगळ्यांनी प्रेमच केले.

आता माझ्यावर धोतरे वाळतात. एक खांब वाळवीने पोखरला आहे. कोंडीबा देवळाच्या पायरीशी बसून टाळ वाजवतो. तानुबाई अजून त्याचे पाय शेकते. चालावेत म्हणून नव्हे, आखडू नयेत म्हणून.

मित्रांनो, आजारातून उठणाऱ्याला शाबासकी देण्याआधी "दमलास का?" एवढे विचारत जा. आणि कीर्तनाला बसाल, वीणेपुढे हात जोडाल, तेव्हा माझी नको, तानुबाईची आठवण काढा. तिचा हात देवाला चालला असता.