टेकडीमागची जागा

धक्क्यावरच्या खोलीत पाहुण्यांच्या अभिप्रायाची एक वही होती, आणि त्या वहीने दिवेवाल्या काकांचं जगणं नकोसं केलं होतं. एकतीस वर्षं ते बेटाच्या दीपगृहावर नोकरीला होते. निवृत्त झाल्यावर बेट बघायला लोक आपल्यामागे रांग लावतील अशी त्यांची ठाम समजूत होती. रांग लागली, पण बायकोमागे. पाहुण्यांनी तिला मावशी करून टाकलं आणि ह्यांना काका. नात्याचा हा घोळ निस्तरायलाही कुणाला सवड नव्हती.

काका रोज गुपचूप वही उघडत. ‘मावशींमुळे खरं बेट कळलं.’ ‘मावशींनी दाखवलेला झरा कुठल्याच नकाशात नाही.’ आणि जवळजवळ प्रत्येक पानावर: ‘शेवटची जागा तर विसरणं शक्य नाही. कुठे आहे ते लिहिणार नाही, मावशींना शब्द दिलाय.’ काकांबद्दल अख्ख्या वहीत एकच ओळ होती. ‘काकांनी थर्मासमधून दिलेला चहा छान होता.’

ती ओळ वाचली की त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. चहा! ज्या माणसाने वरच्या सज्जातून बेटाचा कण न् कण पाहिला, त्याच्या वाट्याला चहा! नोकरीत असताना रोज दुपारी चारला दिव्याची काच पुसून झाली की ते खाली फडकं हलवायचे, आणि झाडीतून चाललेली तिची निळी साडी टेकडीच्या वळणावर दिसेनाशी व्हायची. सरपणाला जात असेल बिचारी, जाताजाता वर आपल्याकडे बघत असेल, असं ते धरून चालले होते.

"ती शेवटची जागा कुठली गं?" त्यांनी एकदा न राहवून विचारलंच.

"तुम्हाला वरून सगळं दिसतं ना? मग पाहिलीच असेल," असं म्हणून ती कांदा चिरत राहिली.

एके दिवशी मावशी दाढ काढायला सकाळच्या बोटीने पलीकडे गेली, आणि पुढच्याच बोटीने इतिहासाच्या एक शिक्षिका धाकट्या भावाला घेऊन उतरल्या. "मावशी नाहीत?" बाईंचं तोंड एवढंसं झालं. काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मावशीचं काय घेऊन बसलात? मी आहे ना! या बेटावर कुठेही उभे राहा, दीपगृह दिसणारच. आणि दीपगृहातून अख्खं बेट. शेवटची जागाच दाखवतो, चला."

वरून रोज दिसणारा एक चौकोनी, गर्द हिरवा तुकडा त्यांच्या मनात होता. जुना बांधीव तलाव असणार, हेच हिचं गुपित. वरून तो अगदी हाताशी वाटायचा. पायी दीड तास लागला, आणि तलाव निघाला खारफुटीचा चिखल. बाईंची एक चप्पल आत गेली ती गेलीच. भावाला ओढून काढताना काका स्वतः गुडघ्यापर्यंत रुतले. दीपगृह मात्र समोर ठळक दिसत होतं.

दोनच्या बोटीने मावशी परतली, गाल सुजलेला. धक्क्यावरचे चिखलाने माखलेले तीन अवतार पाहून तिला हसू फुटलं, आणि हसताना दुखलं म्हणून तिने गाल धरला. "चला, मी नेते. अहो, तुम्हीही या. चहा घ्या बरोबर."

काका थर्मास घेऊन मुकाट मागून निघाले. झाडाच्या मुळांनी गिळलेलं दारूगोळ्याचं कोठार आलं. वरून ते नुसतं झाड होतं. मग खडकातून झिरपणारा गोड्या पाण्याचा झरा. मग कुण्या जुन्या खलाशाने दगडावर कोरलेली होडी, हात फिरवल्याशिवाय न कळणारी. बाई प्रत्येक ठिकाणी "अगं बाई!" म्हणत, आणि दर वेळी काकांच्या पोटात दुखत होतं. हे सगळं हिला दाखवलं कुणी? कधी? कुणाबरोबर हिंडली ही? त्यांचा जळफळाट आता भलत्याच वाटेला लागला. शेवटच्या जागी कुणाचं तरी नाव कोरलेलं असणार, अशी त्यांची खात्रीच झाली.

चार वाजत आले होते. टेकडीचं ते वळण आलं. पलीकडे खोलगट जागा होती, पडक्या चौकीच्या भिंतीतला एक दगड होता. जेमतेम एकाला बसता येईल एवढा, मधोमध झिजून गुळगुळीत झालेला. समोर समुद्र. नाव कुणाचंच नव्हतं.

"इथे काय आहे, मावशी?" भावाने विचारलं.

"काही नाही. साऱ्या बेटावर एवढ्या एकाच जागेवरून दीपगृह दिसत नाही."

पाहुणे खळखळून हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वळून पाहिलं, चार पावलं इकडे, चार तिकडे सरकून पाहिलं. टेकडीच आड येत होती.

"रोज यायचीस? चारला?"

"रोज. तुमची सुट्टी असली की जरा जास्त वेळ बसायचे."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसेना. कुणी माणूस असता तर भांडता आलं असतं. आपली म्हणून धरलेली एकतीस वर्षांची दुपार या दगडाने घेतली होती. एवढा हेवा त्यांना कधी त्या वहीचाही वाटला नव्हता.

ती दगडावर टेकली. सरकून द्यायला त्यावर जागाच नव्हती. काका थर्मासचं झाकण उघडून चहा ओतायला लागले. आधी बाईंना, मग भावाला, मग तिला.

तिने न दुखणाऱ्या बाजूने एक घोट घेतला, समुद्राकडे बघतच.

"छान झालाय," ती म्हणाली.