मानेचा मान

"कट्!"

आवाज माइकमधून घुमला आणि पत्र्याच्या शेडमधली दीड-दोनशे माणसं एका दमात ओरडली, "सुटली! मान सुटली!"

जामखेडच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच मानमोकळे महाराजांची ही शेड. दर शनिवारी इथे धरलेल्या, आखडलेल्या, लचकलेल्या माना घेऊन माणसं यायची. महाराज घोंगडीवर बसून समोरच्याची हनुवटी डाव्या हातात धरत, उजवी मूठ मानेमागे नेत आणि डोळे मिटून गरजत, "मान गं मान, घे तुझा मान!" की लगेच कट्! तो कट् मागच्या रांगेलाही ऐकू जावा म्हणून चेला माइक अगदी मानेपाशी धरायचा. देवाच्या कामात काटकसर नको.

भागिरथी हरणीचं दावं धरून बसली होती. हरणी म्हणजे तिची दुभती शेळी. तिने पिल्लू असल्यापासून बाटलीने दूध पाजून वाढवलेली. आजचा सातवा शनिवार. आज तिच्या नवऱ्याची, वाल्मिकची, मान सुटणार होती आणि बदल्यात हरणी कायमची महाराजांची होणार होती. हरणी बिचारी निवांत रवंथ करत होती. भागिरथी मात्र सकाळपासून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

सात आठवड्यांपूर्वी वाल्मिकचा कांद्याचा टेम्पो राहुरीजवळ गतिरोधकापाशी थांबला आणि मागून उसाचा ट्रॅक्टर येऊन धडकला. टेम्पोला फारसं काही झालं नाही. आत बसलेल्या दोघांच्या माना मात्र जोरात पुढे-मागे हिसकल्या. एक वाल्मिक, दुसरा त्याचा हमाल आसाराम. दोघेही त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर भारतीताईंनी तपासलं, फोटो काढला आणि सांगितलं, "हाड शाबूत आहे. हिसका बसलाय. दोन-चार दिवस गोळ्या घ्या आणि मान झेपेल तशी हलवत राहा. डावीकडे, उजवीकडे, दहा-दहा वेळा. बहुतेकांची काही आठवड्यांत बरी होते. हाताला मुंग्या आल्या, ताकद कमी वाटली किंवा दुखणं हटलंच नाही, तर लगेच परत या."

केस पेपरचे दहा रुपये झाले. इथेच घोडं अडलं.

"धा रुपयात बरी व्हायला मान म्हंजी सायकलीचं पंक्चर हाय व्हय?" वाल्मिक म्हणाला आणि पहिल्याच शनिवारी महाराजांकडे गेला.

महाराजांनी डोळे मिटले. "तुमच्या घराण्याकडून देवाचा मान ऱ्हायलाय बाळा. देवाला मान न्हाई, म्हून देवानं मान धरली!"

वाल्मिकला एकदम आठवलं, आज्ज्याने एका जत्रेत कबूल केलेला बोकड दिलाच नव्हता. आता कुणाच्या आज्ज्याचं काही ना काही राहिलेलं नसतं? पण वाल्मिकचे डोळे पांढरे झाले. झालं. सात शनिवार ठरले, दर शनिवारी तीनशे एक्कावन्न दक्षिणा, गळ्यात काळा पट्टा आणि शेवटी मान म्हणून शेळी. शिवाय सक्त ताकीद होती, की मान तसूभरही हलवायची नाही.

आसारामकडे दक्षिणेला पैसेच नव्हते. तो आपला भारतीताईंनी सांगितल्याप्रमाणे मान हलवत राहिला आणि चौथ्या आठवड्यात पोती उचलायला लागला. भागिरथीने हे नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "त्याची मान साधी हाय. माझी खानदानी."

भागिरथी गावोगावच्या बाजारात खेळणी विकायची. शनिवारी बाजार असल्यामुळे ती महाराजांकडे कधी आली नव्हती. आज हरणीसाठी, आसारामने चालवलेल्या टेम्पोतून, आली आणि पहिल्याच कट् ला तिचे कान टवकारले. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दुसऱ्या कट् ला तर खात्रीच पटली. तिने खेळण्यांच्या पिशवीत हात घातला.

"वाल्मिकराव, पुढं या! मानाची शेळी जवळ आना!" चेला ओरडला.

वाल्मिक ताठ मानेने घोंगडीसमोर बसला. त्याच्या मागे, माइकला खेटून, भागिरथी हरणीला घेऊन उभी राहिली. महाराजांनी डोळे मिटले, दोन्ही हात आभाळाकडे उचलले. "मान गं मान..."

कट्!

"सुटली!" गर्दी ओरडली.

"सुटली! लई हलकं वाटतंया!" वाल्मिक त्याहून मोठ्याने ओरडला.

महाराजांनी डोळे उघडले. त्यांचे हात अजून आभाळातच होते.

"म्हाराज, तुमी तर हातबी लावला न्हाई," भागिरथी माइकमध्ये म्हणाली. "मंग सुटलं काय?" तिने मूठ उघडली. आत पत्र्याचा हिरवा बेडूक होता. दाबला की कट्, सोडला की कट्.

"माझी शक्ती दुरूनबी चालती!" महाराज गरजले, पण आवाज जरा चिरका आला. तेवढ्यात हरणीने त्यांच्या गळ्यातल्या बेलाच्या माळेला तोंड घातलं. तिला हाकलायला महाराजांनी दोन्ही हात झटकले आणि त्यांच्या उजव्या मुठीतून भागिरथीच्या बेडकाचा सख्खा भाऊ घोंगडीवर पडला.

"डझनभर नेले हुते तुमच्या चेल्यानं," भागिरथी म्हणाली. "धा रुपयाला एक. घासाघीस करून दोन फुकट बी घेतले!"

शेडभर हशा पिकला. पण पुढच्या रांगेतली छबूबाई उठून उभी राहिली. "हसताय काय? माझ्या सासूची मान खरंच बरी झाली, सातव्या शनवारी. त्याचं काय?"

प्रश्न खरा होता. वळता येत होत्या तेवढ्या माना भागिरथीकडे वळल्या.

"आसारामभाऊ, हिकडं या," भागिरथीने हाक मारली. "मान फिरवून दावा." आसारामने मान भराभरा दोन्हीकडे वळवली. "एकच टेम्पो, एकच धडक, दोन माना. ही धा रुपयात चौथ्या आठवड्यात बरी झाली. आमच्या ह्यांची दोन हजार देऊन आजबी आखडल्यालीच, कारन ती हलवूच दिली न्हाई. छबूबाई, तुमच्या सासूची मान आपली आपन बरी झाली. म्हाराजांनी निस्ते सात शनवार मोजले."

छबूबाई बोटांवर शनिवार मोजायला लागली. भागिरथी गर्दीकडे वळली. "महाग हाय म्हून गुन येतो असं न्हाई, बायांनो. पैका टाकायच्या आदी दोनच गोष्टी इचारा. ह्याच्यानं बरं वाटलं का? आन् ह्याच्याबिगर वाटलं नसतं का? देवाला मान द्यायचा तर खुशाल द्या. पर दुखनं डाक्टरला दावा."

महाराज माइक बंद करायचं बटण शोधत होते. ते फक्त चेल्याला ठाऊक होतं आणि चेला केव्हाच पसार झाला होता.

परत येतानाही आसारामनेच टेम्पो चालवला. हरणी मागे उभी राहून बेलाची उरलेली पानं चघळत होती. भागिरथीने नवऱ्याच्या गळ्यातला काळा पट्टा सोडला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला.

"सोमवारी भारतीताईंकडं जाऊन दावून येऊ. आन् परत जाताल का कुटल्या म्हाराजाकडं?"

वाल्मिक खजील होऊन बसला होता. त्याने दुखरी मान सावकाश डावीकडे नेली, मग उजवीकडे नेली, आणि नाही म्हटलं.

"हां," भागिरथी म्हणाली, "ही एक झाली. अजून नऊ."